८०० मीटर ३:१२ वर अडकलंय, त्यात नडगी धरलीय. काय करू?

माणदेशी_पोरगी

नमस्कार. मी माण तालुक्यातली, वय २१. दीड वर्ष झालं पोलीस शिपाई भरतीची तयारी करतेय. लेखीची फारशी भीती नाही, बुद्धिमत्ता आणि व्याकरण बरं जातं. गाडी अडलीय ती मैदानी चाचणीत.

८०० मीटर ३ मिनिटं १२ सेकंद. दिवाळीत पण हेच होतं, आज पण हेच. म्हणजे २० पैकी १४ मार्क. गोळा ४.६० मीटर जातो. १०० मीटर ठीक आहे.

रोज पहाटे ५ ला गावाच्या डांबरी रस्त्यावर पळते. मारुतीच्या देवळापासून पाझर तलावाच्या पाटीपर्यंत ८०० मीटर भरतं, भावानं गाडीच्या मीटरवर मोजलंय. अंधार असतो म्हणून तो मागून मोटरसायकल घेऊन येतो. हेडलाइटमुळं माझी सावली माझ्या पुढं पळत असते, आणि ती काय गाठता येत नाही. आठवड्यातले सहा दिवस असं पूर्ण जोर लावून पळते आणि टाइम वहीत लिहून ठेवते.

आता महिना झाला दोन्ही नडग्या दुखतायत. सुरुवातीला दुखतं, मग अंग गरम झालं की थांबतं, आणि संध्याकाळी जिना उतरताना परत सुरू. आधी ज्या अकॅडमीत जात होते तिथले सर म्हणायचे, दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय. तिथली फी परवडेना म्हणून सोडली, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. पळत राहू का थांबू?

आमच्यापासून मोही जवळच. धावपटू ललिता बाबरचं गाव. त्यामुळं घरचे म्हणतात, त्याच मातीतली ना तू, मग तुला का जमत नाही. आता काय सांगायचं.

सोळाशे_वाला

ताई, टेन्शन नको घेऊ. माझं १६०० मीटर ५:४० होतं, नडगी माझी पण धरली होती. ग्राउंडच्या दिवशी सकाळी एक दुखीचं इंजेक्शन मारून घे, दोन तास काही कळत नाही. आमच्या बॅचची निम्मी पोरं हेच करतात. आणि ग्लुकोज पी भरपूर.

खाकी_ताई

इंजेक्शनचं तेवढं ऐकू नकोस. दुखणं कळणार नाही, पण हाडाला कळतं.

मी जानेवारी २०२३ च्या मैदानीतून लागले, आता शिपाई आहे. तुझं वाचून माझीच वही आठवली. माझ्या वहीत पण पानभर ३:१५, ३:१४, ३:१५.

आधी नडगीचं. पायाच्या आतल्या बाजूनं हाडाच्या कडेवर अंगठा दाबत खाली ये. वीतभर लांब पट्टा दुखत असेल तर ते सूज आल्यासारखं असतं, विश्रांतीनं जातं. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर कळ येत असेल, किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. ती हाडाला चीर असू शकते, आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत ती दिसत पण नाही. माझ्या रूममधल्या एका मुलीनं तशीच दोन महिने ओढली आणि ती भरती तिची गेली.

दुसरं, तुझे २०० मीटरचे टाइम सांग. पहिले २०० किती, ४०० ला किती. नुसतं ३:१२ सांगून काही कळत नाही.

माणदेशी_पोरगी

ताई, दाबून बघितलं. लांब पट्टाच दुखतो, दोन्ही पायांना. रात्री ठणकत नाही.

आज भावानं गाडीवरून टाइम घेतला. पहिले २०० ला ३६ सेकंद. ४०० ला १:२२. शेवट ३:१२.

खाकी_ताई

मग झालं ना, सापडलं.

पहिले ४०० तू १:२२ मध्ये काढतेस आणि दुसरे ४०० १:५० मध्ये. २:५० ला पैकीच्या पैकी २० मिळतात. त्या टाइमला सुद्धा ४०० ला १:२५ पुरतं. म्हणजे पहिल्या अर्ध्यात तू २० मार्कवालीच्या पुढं असतेस आणि पुढच्या अर्ध्यात चालत येणाऱ्यांच्यात. पहिल्या २०० ला ३६ म्हणजे तर तू जवळजवळ १०० मीटरच्या शर्यतीसारखीच पळतेस. तिथंच मांड्या भरून येतात, पुढं फक्त ओढणं चालतं.

आत्ता २:५० डोक्यातून काढ. आधी ३:००. त्याला प्रत्येक २०० ला ४५ सेकंद. पहिले २०० ४५ मध्ये पळताना तुला वाटेल आपण मागं पडतोय, पोरी पुढं निघून जातायत. जाऊ दे. माझ्या बॅचला सुरुवातीला माझ्यापुढं दहा-बारा जणी होत्या, त्यातल्या सात मला शेवटच्या वळणावर परत भेटल्या.

सरावात रोज ८०० पळायचंच नाही. आठवड्यातून दोन दिवस २०० मीटर ४५ मध्ये, मध्ये दोन-अडीच मिनिटं चालणं, असं सहा वेळा. सहावं पण ४५ लाच आलं पाहिजे, हा खरा पेपर. दोन दिवस अर्धा तास एवढ्या हळू पळायचं की भावाशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. पूर्ण जोरात टाइम घेऊन ८०० पंधरा दिवसांतून एकदा. पण हे सगळं नडगी शांत झाल्यावर. आधी दहा दिवस पळणं बंद. सायकल असेल तर चालव, विहिरीत पोहता येत असेल तर पोह. पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, सकाळ-संध्याकाळ.

अजून एक, बाईमाणूस म्हणून सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. माझं साडेनऊ निघालं होतं. बाईचं बारा तरी पाहिजे. मी वर्षभर स्वतःला आळशी म्हणत होते, आणि रक्तच नव्हतं अंगात. गोळ्या डॉक्टरनं सांगितल्या तशाच घे, चहाबरोबर घेऊ नको. आणि मैदानीची तारीख पाळीतच आली तर रडत बसू नकोस. त्या दिवसांत पण हलका सराव करून बघितलेला असला की ऐनवेळी घाबरायला होत नाही. मला नेमकी तीच तारीख आली होती.

निवृत्त_फौजी

पोरी, या ताईनं बरोबर सांगितलं. मी फक्त जमिनीचं बोलतो.

डांबर सोड. आणि गाडीच्या मीटरवर मोजलेलं अंतर खरं धरू नकोस, पन्नास मीटर इकडचं तिकडं सहज होतं. गावात यात्रेचं पटांगण असेल ना? मधोमध खुंटी ठोक, ३१ मीटर ८३ सेंटिमीटर दोरी बांध आणि गोल फिरत चुना टाकत जा. फेरी बरोबर २०० मीटरची होते. चार फेऱ्यांत तुझे ८००. दोरी सुती घेऊ नको, ताणते. आणि एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून पळ, नाहीतर एकाच पायावर भार येतो. बूट उलटे करून बघ, तळवा एका बाजूनं झिजला असेल तर ते बूट आता शेतात घालायचे.

ग्राउंडला वळणावर आतल्या रेघेला धरून राहायचं. ४०० च्या ट्रॅकवर एक लेन बाहेरून पळालीस तर फेरीला सात मीटरच्या वर जादा पळतेस, आणि त्याचे मार्क कुणी देत नाही. चिप वेळ मोजते, अंतर नाही.

सोळाशे_वाला, तुला वेगळं सांगतो. बधिर पायानं पळून घोटा गेलेली पोरं मी स्वतः उचलून आणलीत. हे सल्ले देऊ नकोस बाळा.

सोळाशे_वाला

सॉरी काका. मी स्वतः एकदाच घेतलं होतं.

खाकी_ताई

गोळाफेकीचं राहिलं. सगळ्या पोरी पळण्याच्या मागं लागतात, आणि गोळ्याला पण १५ मार्क आहेत. सहा मीटरला पैकीच्या पैकी. ४.६० म्हणजे तू तो चेंडूसारखा फेकतेस, खात्रीनं सांगते. कोपर खाली पडतं ना? गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. बोटांच्या मुळांवर ठेव, तळहाताला लागू देऊ नको, मानेला हनुवटीखाली टेकव. ताकद मांडीतून येते, हात शेवटी. मी महिनाभर आरशासमोर उशी घेऊन केलं. आई म्हणायची, हिला लागलं काहीतरी.

मैदानीत ५० पैकी २५ मिळाले तरच पुढचा विचार, आणि लेखीला एका जागेमागं दहाच जण बोलावतात. त्यामुळं काठावर पास होऊन भागत नाही. तुझ्या वेळच्या जाहिरातीतला तक्ता मात्र स्वतः वाच, कुणाच्या स्टेटसवरचा नको.

माणदेशी_पोरगी

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

हिमोग्लोबिन १०.२. गोळ्या सुरू आहेत. अकरा दिवस पळाले नाही, घरात सगळे विचारत होते, सोडलंस का गं. नडगी आता दाबली तर थोडी कळते, पळताना नाही.

त्या अकरा दिवसांत काम नव्हतं म्हणून मी आणि भावानं ३० मीटरची टेप आणून देऊळ ते पाटी रस्ता मोजला. ८४६ मीटर निघाला. भाऊ तिथंच रस्त्यावर बसून हसत होता. दीड वर्ष मी ४६ मीटर जादा पळत होते. मला आधी राग आला, मग मी पण हसले.

काकांच्या दोरीनं पटांगणात फेरी आखली. भावानं खुंटी धरली, मी चुना टाकला. परवा पहिल्यांदा टाइम घेतला. पहिले २०० ४४, ४०० ला १:२९, शेवट २:५८. तिसऱ्या फेरीत वाटलं आता मरते, पण पाय उचलत होते.

हे वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल तर आता पुढचं ऐका. काकांनी मोजमापाचं डोक्यात घातल्यामुळं गोळा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघितला. चार किलोचा म्हणून घेतला होता. तीन किलो चारशे भरला. दुकानदारानं दोनदा ठेवून दाखवला. काल शाळेतला खरा चार किलोचा मागून आणला, तो ४.१५ गेला.

उशी घेऊन आरशासमोर उभी राहतेय.