स्नायुपेशी, मांसपेशी आणि 'संदेशन'

अनुवादिनी
हृदयाच्या रोहिणीत बसवलेला स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) काही रुग्णांत पुन्हा अरुंद का होतो, याविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. त्यात वारंवार येणाऱ्या 'स्मूथ मसल सेल सिग्नलिंग' या शब्दसमूहासाठी मी 'मृदू स्नायुपेशींचे संदेशन' असे लिहिले होते. संपादकांनी 'स्नायुपेशी'चे सरसकट 'मांसपेशी' केले आणि 'संदेशन'च्या जागी 'संकेत' घातला. परिणामी 'संकेत मिळताच मांसपेशी विभागू लागतात' असे वाक्य तयार झाले आहे, जे वाचून कोणालाही दंडाचा स्नायू दुभंगला असेच वाटेल. 'संदेशन' खरोखरच इतका अनोळखी शब्द आहे का?

जुना मास्तर
'मांसपेशी' ही हिंदीची उसनवारी आहे, हे संपादकांना ठणकावून सांगावे. अर्थात मुळात घोळ आपणच घातला आहे. सुश्रुताने शरीरात 500 पेशी आणि 900 स्नायू सांगितले आहेत. त्याची पेशी म्हणजे मांसाचा गोळा आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा तंतू. मराठीने स्नायूला मांसाच्या जागी बसवले आणि रिकामी झालेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेली. विश्वकोशाने 'कोशिका' हा नेमका शब्द वापरला असताना शाळेच्या पुस्तकांनी 'पेशी' का धरून ठेवली, हे मला आजवर उमगलेले नाही.

बडोदेकर
आमच्याकडे गुजरातीतही स्नायू म्हणजे मसलच, मात्र सेलला 'कोष' म्हणतात. बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू आणि पेशी म्हणजे मसल. तेव्हा संस्कृतकडे बोट दाखवून कोणाचेच भांडण मिटणार नाही. शंभर वर्षे मराठी मुले 'पेशी' शिकत असतील, तर तोच मराठी शब्द.

दवाखान्यातला
मी रुग्णांशी बोलताना 'अनैच्छिक स्नायू' म्हणतो, कारण ते आपल्या इच्छेने हलत नाहीत, एवढे लगेच समजते. 'मृदू' म्हटले की लोकांना तो स्नायू नाजूक वाटतो.

प्रयोगशाळेतली
'अनैच्छिक' येथे चालणार नाही, कारण हृदयाचा स्नायूही अनैच्छिकच असतो, पण तो पट्टेदार असतो आणि त्याचे यंत्र वेगळे असते. हृदयात कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला जाऊन चिकटते. रक्तवाहिनीच्या मृदू स्नायूत ट्रोपोनिन नसते. तेथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या दुसऱ्या प्रथिनाला धरते, ती जोडी एका विकराला (एन्झाइमला) जागे करते, तो विकर मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतो आणि मग पेशी आकसते. अॅम्लोडिपिनची गोळी कॅल्शियमची आत येण्याची वाट अडवते, म्हणून वाहिनी सैल होते आणि रक्तदाब उतरतो. शालेय पुस्तकांतला 'अपट्टकी' (पट्टे नसलेला) हा शब्द ओबडधोबड असला, तरी खरा आहे.

'संदेशन'बद्दल माझे मत अनुवादिनींच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. 1980 मध्ये फर्चगॉट आणि झवाड्झ्की या संशोधकांनी सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यांवर दाखवले की, आतले अस्तर खरवडून काढले तर अॅसिटिलकोलीनमुळे स्नायू सैल पडत नाही. म्हणजे औषध अस्तराला भेटते आणि अस्तर शेजारच्या स्नायूला काहीतरी कळवते. हे 'काहीतरी' नायट्रिक ऑक्साइड वायू निघाला आणि 1998 चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. येथे पाठवणारा आहे, घेणारा आहे आणि मध्ये चालत जाणारे द्रव्यही आहे. 'संकेत' म्हटले की मराठी वाचकाला शिष्टाचाराचे किंवा साहित्याचे संकेत आठवतात, आणि 'इशारा' म्हटले की धोक्याचा भोंगा वाजतो.

जुना मास्तर
मग सरळ 'निरोप' म्हणा. 'अस्तराने स्नायूला सैल होण्याचा निरोप धाडला.' यात कोणते शास्त्र बुडते?

दवाखान्यातला
त्या गणिताने 'निरोपमार्ग' लिहावे लागेल, आणि वाचक शोकसभा शोधू लागेल.

प्रयोगशाळेतली
खरी अडचण पुढे आहे. आकसणे आणि सैल होणे हे काही सेकंदांचे किंवा मिनिटांचे काम असते. स्टेंटच्या गोष्टीत वेगळेच घडते. भिंत दुखावली की बिंबाणूंसारख्या (प्लेटलेटसारख्या) पेशींतून वृद्धिघटक सुटतात, आणि त्यांच्या प्रभावाखाली स्नायुपेशी आकुंचनाची प्रथिने कमी करते, विभागू लागते, आतल्या अस्तराच्या दिशेने सरकते आणि आधारद्रव्य तयार करू लागते. याला दिवस आणि आठवडे लागतात. सिरोलिमस या औषधाचा लेप असलेले स्टेंट ही वाढ रोखण्यासाठीच आले. या दुसऱ्या घटनेला नुसते 'पेशीचे वर्तन बदलले' म्हणणे मला अपुरे वाटते, कारण येथे पेशीचे कामच बदलते.

बडोदेकर
'पेशीने पेशा बदलला' असे लिहा. शब्दही एकाच घराण्यातले दिसतात.

जुना मास्तर
अजिबात नाहीत! 'पेशा' फारसी आणि शरीरातली 'पेशी' संस्कृत. कोर्टातली 'पेशी' मात्र फारसी 'पेश'वरून आली आणि 'पेशवा' तिचा भाऊबंद.

बडोदेकर
नाते नसले तरी वाचकाच्या डोक्यात वाक्य बसते. पेशीच्या अशा बदलाला शुद्ध 'प्ररूपपरिवर्तन' म्हटले तर ते कोणाच्या डोक्यात बसणार आहे?

अनुवादिनी
विनोद मला आवडला, पण तो शीर्षकापुरताच. मजकुरात 'पेशीचा कार्यबदल' ठेवते. 'संदेशन'चा निकाल मात्र अजून लागलेला नाही, कारण संपादकांचे म्हणणे असे की, सिग्नलला रस्त्यावरसुद्धा कोणी 'संदेश' म्हणत नाही.

दवाखान्यातला
रस्त्यावर आपण त्याला सिग्नलच म्हणतो, मग लेखातही 'सिग्नल' का नको? माझे रुग्ण 'ब्लॉकेज' म्हणतात, 'अवरोध' म्हणत नाहीत.

जुना मास्तर
हे तुमचे नेहमीचेच आहे. उद्या 'रोहिणी'ही काढून टाकाल.

दवाखान्यातला
खरे तर काढावीच. 'रोहिणी' आणि 'नीला' ऐकून रुग्णाला दोन मुलींची नावे आठवतात. 'धमनी' आणि 'शीर' सगळ्यांना ठाऊक आहेत.

प्रयोगशाळेतली
'शीर' सगळ्यांना ठाऊक आहे, पण लोक मज्जातंतूलाही शीरच म्हणतात. 'मानेची शीर दबली' या वाक्यातली शीर रक्त वाहून नेत नाही.