लाइफ कोचच्या सत्रांसाठी पैसे मोजावेत का? मदत हवी आहे

चौदा वर्षांची लेखापालाची नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू करावे की नाही, हा माझा निर्णय वर्षभर रखडला आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटलो असता उपचारांची गरज नसल्याचे त्यांनी सांगितले. वहीत फायद्या-तोट्यांचे तक्तेही मांडून झाले. त्यानंतर ज्या लाइफ कोचशी (आयुष्यातले निर्णय घ्यायला संवादातून मदत करणारी व्यक्ती) बोललो, त्यांनी सहा सत्रांचे ३६,००० रुपये आगाऊ मागितले. मोफत अर्ध्या तासातली वीस मिनिटे पॅकेज समजावण्यातच गेली आणि ‘आजच ठरवलंत तर सवलत’ हे वाक्य तिसऱ्यांदा कानावर पडल्यावर मी सावध झालो.

भारतात कोचिंगच्या व्यवसायासाठी सरकारी परवाना लागत नाही, म्हणून इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचच्या जागतिक संघटनेची प्रमाणपत्रे पाहिली. त्यांपैकी एसीसी या पहिल्या पातळीसाठी किमान १०० आणि पीसीसी या त्यावरच्या पातळीसाठी ५०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. परंतु तासांच्या या हिशेबावरून (हिशेब हाच माझा धंदा असूनही) गुणवत्तेचा अंदाज येत नाही.

माझी मर्यादा एकूण १५,००० रुपयांची आहे. संवाद मराठीतून हवा, ऑनलाइन चालेल. ज्यांनी स्वतः पैसे भरून अशी सत्रे घेतली आहेत, त्यांना कितव्या सत्रात ठोस फरक जाणवला, प्रत्येक सत्राचे पैसे वेगळे घेणारे कोच मिळतात का आणि पैसे भरण्यापूर्वी कोचना नेमके काय विचारावे?