तसबीर, फोटो की चित्र?

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात एकाच भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी आणि व्हॅन गॉगची सूर्यफुलं आहेत. दोन्ही छापील, दोन्ही काचेत. तरी आई म्हणते, 'त्या चित्रावरची धूळ झटक आणि लक्ष्मीचा फोटो जरा जपून पूस.' आजी त्यालाच तसबीर म्हणायची. कॅमेऱ्याचा काही संबंध नसताना 'फोटो' का? आणि सूर्यफुलांना तो मान का नाही?

*

तसबीर मूळ अरबी, हिंदीत तस्वीर. मराठीत स्त्रीलिंगी, तसबिरी, तसबिरीला. हल्ली 'तसबीरला' असं सर्रास लिहितात, ते चूक.

*

व्याकरण ठीक आहे हो, पण प्रश्न वेगळा आहे. माझ्या मते फरक चित्राचा नाहीच, त्याच्यापुढे आपण काय करतो त्याचा आहे. जिला हार घालतो, कुंकू लावतो, ती तसबीर. नंतरच्या काळात वारलेल्या माणसांचे स्टुडिओतले फोटो तशाच चौकटीत, शेजारच्याच खिळ्यावर आले, आणि हार चढणाऱ्या सगळ्यालाच फोटो म्हणू लागले असावेत. सूर्यफुलांना हार कोण घालणार? म्हणून ते चित्र.

रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो नंतर मळवलीला आला. लोणावळा लोकलने जाता ते मळवली. त्याआधीच, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा हा चित्रं छापणारा छापखाना निघाला होता. त्यामुळे छापील देव पुण्याला नवा नव्हता. पण रविवर्म्याची लक्ष्मी साडी नेसून समोर उभी राहिली, ती ओळखीच्या बाईसारखी. बायकांनी तिला सजवलंही. माझ्या मावशीकडच्या लक्ष्मीच्या काठांवर खरी जर चिकटवलेली आहे, दागिन्यांवर टिकल्या. आता एका कोपऱ्याला कसर लागली आहे, जर काळी पडली आहे, पण ती काढून कोरी प्रिंट लावू म्हटलं तर मावशी घराबाहेर काढेल. चित्र बदलता येतं, फोटो नाही.

*

वरचं पटलं, फक्त सूर्यफुलांवर अन्याय होतोय. व्हॅन गॉगने ती १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लला रंगवली, तीसुद्धा त्याचा चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्याची खोली सजवायला. म्हणजे पाहुण्यासाठी घर आवरण्यातलाच प्रकार! आपण गणपतीआधी भिंत रंगवतो तसाच. संग्रहालयात ती नंतर गेली.

*

एवढा काथ्याकूट कशाला? तुळशीबागेजवळच्या आमच्या फ्रेमवाल्याने हा वाद कधीच मिटवलाय. गुंडाळी हातात घेतली की तो उलगडायच्या आधी एकच विचारतो, 'देवाचा फोटो, का सीनरी?' देवाचा असेल तर सोनेरी पट्टी, सीनरीला तपकिरी. मी गेल्या वर्षी सूर्यफुलंच नेली होती. तपकिरी पट्टीत आली.