वजन उतरलं पण पोटाची कातडी लोंबतेय, काय करू?

घोडबंदरकर: ११८ वरून ७६ किलोवर आलोय, उपवन तलावाला चालणं, रात्रीचा भात बंद, बाकी जिम. पण शर्ट इन केला की पोटाची घडी पट्ट्यावर येऊन बसते. जिमवाला म्हणतो क्रंचेस मार, मेडिकलवाला क्रीम काढून दाखवतो. वय ४१. कोणाला फरक पडलाय का?

वाशीची मावशी: क्रीमवर पैसे घालवू नकोस रे बाबा. कातडी वर्षानुवर्षं ताणलेली असली की आतलं कोलॅजन-इलॅस्टिन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारे धागे, तुटतं, ते वरून चोपडून परत येत नाही. क्रंचेसने स्नायू होतील, कातडी नाही आवळणार. तरी वजनं उचल, प्रोटीन घे, आत भरलं की थोडं बरं दिसतं, आणि सिगारेट असेल तर आधी ती सोड.

कळव्याचा पक्या: दिसण्याचं जाऊदे, घडीत घाम साचतो त्याचं बघ!! आपल्याकडच्या दमट हवेत आणि ८:१२ च्या लोकलच्या गर्दीत तिथे लाल होऊन खाज सुटतेच. अंघोळीनंतर घडी उचलून नीट कोरडी करायची, सुती बनियन. आणि मेडिकलमधून स्टिरॉइडवालं मिक्स मलम अजिबात नको, दोन दिवस बरं वाटतं मग फंगस दुप्पट पसरतं, स्किनवाल्याला दाखव.

नेरुळ_७०६: जास्तच असेल तर टमी टक, म्हणजे जास्तीची कातडी कापून काढायचं ऑपरेशन, हाच खरा इलाज, पण वजन निदान ६ महिने तरी स्थिर पाहिजे आणि कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहतो. मेडिक्लेम कॉस्मेटिक म्हणून बहुतेक नाकारतात, सारखं इन्फेक्शन होत असेल तर डॉक्टरकडून तसं लिहून घे आणि विमा कंपनीला आधीच विचार.

घोडबंदरकर: खाज आहेच, लाजेने लिहिलं नव्हतं 😅 उद्याच जातो