दादाची दारू सुटंना, कुठं दाखवू? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ: थोरला भाऊ शिरोलीला फाउंड्रीत आहे, आधी पगाराच्या दिवशीच प्यायचा आता सकाळी उठल्या उठल्या लागते, नाय मिळाली की हात थरथरतात. वहिनीला कुणीतरी सांगितलंय की जेवणातनं गुपचूप गोळी दे, आई म्हणते चार दिवस खोलीत कोंडून घाला. काय करावं कळंना.

उचगावकर: कोंडून घालू नका हो, हात जोडून सांगतो!! रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवावर बेततं. माझ्या मामाला तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागलेले. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची. सीपीआरला (आपला कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) मानसोपचार विभागात दाखवा आधी.

ताराराणी_चौक: गुपचूप गोळी तर अजिबात नको, वहिनीला सांगा. त्यावर दारू पोटात गेली की बीपी पडतो, माणूस दगावू पण शकतो, ती गोळी पेशंटला सांगूनच देतात. 14446 हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन नंबर फ्री आहे, लावून बघा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पण आहे, 1986 पासूनचं.

उचगावकर: आणि लाज वाटून घेऊ नका. एम्सच्या 2019 च्या रिपोर्टात आहे, दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळतो, बाकीचे घरातच कुजतात

रंकाळाकाठ: उद्या सकाळी सीपीआरला नेतो. वहिनीला आत्ताच फोन केला.