हाताने शिवलेला पोशाख घालून रेनेसाँ फेअरला गेलात? अनुभव लिहा

धागाकर्ती, शिकागोजवळून

मागच्या रविवारी ब्रिस्टल रेनेसाँ फेअरहून घरी आले तेव्हा केसांत गवताच्या काड्या होत्या आणि पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तरी पोशाख काढावासा वाटेना. पाच महिने रात्री जेवणं उरकल्यावर थोडा थोडा शिवला होता. म्हटलं, आपल्यातल्या आणखी कोणी हे केलंय का, विचारावं.

फेअर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ही सोळाव्या शतकातल्या इंग्लंडची नक्कल करणारी जत्रा, नट आणि हौशी पाहुणे त्या काळच्या पोशाखात येतात. अमेरिकेतली ही प्रथा १९६३ च्या मे महिन्यात लॉस एंजलिसमध्ये सुरू झाली. फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्याने केपीएफके रेडिओच्या मदतनिधीसाठी दोन दिवसांची जत्रा भरवली. फिलिस शिक्षिका होत्या. आता बहुतेक राज्यांत अशा जत्रा भरतात. आमची केनोशाला, इलिनॉयची हद्द ओलांडली की लगेच. तिथे साल असतं १५७४ आणि एलिझाबेथ राणी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराला भेट द्यायला आलेली असते. ती भेट खरोखरच झाली होती.

त्याच १५७४ साली राणीने कोणी काय ल्यावं याचं फर्मान काढलं होतं. जांभळं रेशीम आणि सोन्याच्या तारांचं कापड राजघराण्यापुरतं आणि काही बड्या सरदारांपुरतं. म्हणून मी व्यापाऱ्याच्या बायकोचा पोशाख निवडला. आत लिननचा पायघोळ झगा आणि वरून समोर नाडीने आवळायचा लोकरी कर्टल, म्हणजे अंगाबरोबर बसणारा बाहेरचा झगा. रंगासाठी तिकडे मॅडरचं मूळ वापरत. ते आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातलं, म्हणून मी पुण्याहून मंजिष्ठा मागवली. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात ठेवली, मग मंद आचेवर रंगात. पाणी उकळू दिलं तर लाल जाऊन तपकिरी येतो. माझी पहिली खेप तशीच गेली. दुसरीला विटेचा रंग आला आणि तो पाहून मी स्वयंपाकघरातच खाली बसले.

घातल्यावर जे कळलं ते वाचून कधीच कळलं नसतं. नाडी नीट आवळली की कर्टल पाठीला धरून ठेवतो. दिवसभर उभी होते, पण संध्याकाळी कंबर दुखली नाही. 'त्या काळच्या बायका कपड्यांत कोंडलेल्या' असं मी इतकी वर्षं समजत होते. निदान काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत मला आता तसं वाटत नाही.

तुम्ही काय शिवलंत, कुठे अडलात, अंगावर चढल्यावर काय वाटलं? सविस्तर लिहा.

मिनेसोटा

मी डब्लेट (पुरुषांचं अंगाबरोबर बसणारं जाकीट) आणि त्याखालचे चोळणे शिवले, शॉकॉपीच्या फेअरसाठी. ऑगस्टअखेरीस सुरू होतं, तेव्हा ऊन चांगलंच असतं. सगळ्यांना आतल्या लोकरीची काळजी वाटते, पण अंगाला लागून लिननचा शर्ट असेल तर घाम तो टिपतो. पॉलिएस्टरचं अस्तर मात्र लावू नका. पहिल्या वर्षी मी लावलं होतं आणि दुपारी सावलीत बसून राहावं लागलं.

दुसरी चूक मुंढ्याची. आजच्या शर्टासारखा खोल मुंढा कापला, तर हात वर केला की अख्खं डब्लेट कानापर्यंत वर येई. तीन वेळा उसवलं. शेवटी जुन्या कपड्यांची रेखाटनं नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं की त्यांचा मुंढा लहान आणि अगदी काखेशी असतो. तसा कापल्यावर हात मोकळा फिरला. आपल्याला वाटतं, ढिलं ठेवलं की हालचाल सोपी. इथे उलट आहे.

चोळणे डब्लेटला बांधायला कमरेला भोकांच्या जोड्या असतात. त्यांतून बंद ओवायचे, बंदांच्या टोकाला बुटाच्या नाडीसारखी पत्र्याची टोपणं. मी जोड्या मोजल्या तर बरोबर बारा निघाल्या. आमच्या घरी पणजोबांची बाराबंदी अजून जपून ठेवली आहे. बहिणीने बंद बांधून दिले तेव्हा मला तीच आठवली.

बे एरिया

मी फक्त गळ्याची झालर केली, रफ. पण त्या एका गोष्टीने वर्ष खाल्लं, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

साडेपाच मीटर लिननची पट्टी. तिची कड इतकी बारीक दुमडायची की हातशिलाईचे टाके दिसता कामा नयेत. मग चुण्या घालून ती सगळी लांबी गळ्याच्या पट्टीत बसवायची. एवढं झाल्यावर हातात येतो एक लोळागोळा, कारण रफला आकार देते ती खळ. १५६४ मध्ये डिंगेन नावाची एक फ्लेमिश बाई लंडनला आली आणि खळ करायला शिकवून तिने चांगला पैसा मिळवला. ती खळ गव्हाची.

बाजारातला फवारा मारून पाहिला. दोन तासांत झालर मान टाकायची. मग आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, गव्हाचा चीक काढ. कुरडयांना काढतो तसा." तीन दिवस गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाटले, गाळले, खाली बसलेला पांढरा चीक पातळ शिजवला. आई लहानपणी घरच्या सुती लुगड्यांना भाताची कांजी करायची, ती म्हणाली हात तसाच चालव, चोळू नकोस, दाब. ओल्या चुण्या वाळता वाळता तापवलेल्या लोखंडी सळईवर एकेक फिरवल्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या. सकाळी पाहिलं तर झालर ताठ उभी होती.

फेअरला दुपारी भुरभुर पाऊस आला आणि पंधरा मिनिटांत ती खांद्यावर पडली. त्या काळीही हेच व्हायचं. मला वाईट वाटलं नाही. घरी येऊन धुतली आणि पुन्हा चीक काढायला गहू भिजत घातले.

न्यू जर्सी (मी १९ वर्षांची, मराठी टाइप करायला आईने मदत केली)

मी आणि आजी टक्सीडो पार्कच्या फेअरला गेलो होतो. आजी सांगलीची, सहा महिन्यांसाठी आली होती. तिने चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवले आहेत.

मी आतल्या झग्याचा पॅटर्न छापला होता, चौदा कागद टेपने जोडून हॉलभर पसरले होते. आजी चहा घेऊन आली, कागदांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे तर कुडतंच आहे की गं. एवढा कागद कशाला?"

मी म्हटलं, आजी, हे १५६० सालचं इंग्लंडचं आहे.

"असू दे. मधे दोन पाट, बाजूला कळ्या, बगलेत चौबगला. तुझ्या आजोबांचं असंच बेतायची मी."

तिने कागद गुंडाळायला लावले. कापडाचा पन्हा विचारला, माझी उंची विचारली, खांदा वितीने मोजला. लिनन जमिनीवर अंथरून नखाने खुणा केल्या. सगळे काप सरळ रेघेत, कुठेही गोलाई नाही. गळ्याचा तुकडा निघाला तोही तिने वाया जाऊ दिला नाही, त्याचाच चौबगला केला. नंतर मी वाचलं की तिकडेही अगदी याच कारणासाठी चौकोन आणि त्रिकोणच कापत. कापड हातमागावर विणलेलं, महाग, म्हणून चिंधी उरता कामा नये. आजीने ते कुठेही वाचलेलं नव्हतं.

मी धावदोरा घालायची आणि ती उसवायची. "टाका मोजून घाल. एका पेरात आठ." दोरा मेणावरून ओढायला तिनेच शिकवलं, म्हणजे गाठ बसत नाही. अंगुस्तान मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही.

फेअरला ती स्वतःच्या नऊवारीत आली. तिथे एका झोपडीवजा दुकानात हाताने शिवलेले झगे विकणाऱ्या बाई होत्या. त्यांनी माझी बाही निरखून पाहिली आणि चौबगला कोणी बसवला विचारलं. मी आजीकडे बोट केलं. त्या बाईंनी आपला हात वर करून स्वतःचा चौबगला दाखवला. आजीने पुढे होऊन तो उलटून पाहिला, शिवण चिमटीत धरली, मान डोलावली. मग त्यांनी तिला आपली सुयांची डबी दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी मधे अनुवाद करायला उभी होते, पण माझी गरज पडली नाही. अर्धा तास गेला. भालेझुंज चुकली.

मिल्वॉकी

धागाकर्तीताई, मीही ब्रिस्टललाच गेले होते, पण अहमदनगरहून आलेली म्हणून.

१५७४ म्हणजे आपल्याकडे निजामशाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचं सचित्र हस्तलिखित आहे, साधारण १५६५ नंतरचं, हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं काव्य. त्यातल्या चित्रांत त्याची राणी खुंझा हुमायून शेजारी बसलेली होती आणि पुढे कोणीतरी तिची आकृती रंगाखाली झाकून टाकली. ही चाँदबिबीची आई. नवऱ्यामागे मुलाच्या वतीने तिनेच काही वर्षं कारभार पाहिला. त्या चित्रांतल्या इतर बायकांच्या अंगात आखूड चोळी, खाली घोळदार वस्त्र, पाठीवर लांब वेणी आणि वेणीच्या टोकाला गोंडा आहे. मी तेच केलं. चोळी हाताने शिवली, गोंडा रेशमाचा वळला.

राणीच्या लवाजम्यातल्या एका नटीने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, अहमदनगर, दख्खन. तिने भूमिका न सोडता विचारलं, तिथे राज्य कोण करतं? मी खुंझा हुमायूनची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग बरोबरच्या दोघींना जवळ बोलावून म्हणाली, "यांना पुन्हा सांगा."

रेनेसाँ फेअरमध्ये आपण पाहुणे असतो, असं मला इतके दिवस वाटायचं. आता वाटत नाही. ते शतक आपलंही होतं.

सिएटल

छोटासा अनुभव. मी टोपी विणली. १५७१ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या सहा वर्षांवरच्या बहुतेक सामान्य माणसांना रविवारी आणि सणाला लोकरीची विणलेली टोपी घालावी लागे, टोपी विणणाऱ्यांचा धंदा चालावा म्हणून. आधी भलीमोठी विणायची, मग गरम पाण्यात साबणाने चोळून आटवायची. वीण दिसेनाशी होते आणि नमदा बनतो. माझी आटून मुलाच्या मापाची झाली. ती आता त्याची आहे, आणि मी दुसरी विणतोय.

ऑस्टिन

हाताने शिवायचा आग्रह कशासाठी? शिवणयंत्र आहे ना घरात. नोकरी आणि मुलं सांभाळून पाच महिने कोण देणार?

धागाकर्ती

आग्रह नाही. आतल्या लांब शिवणी मशीनवर मारा, बाहेर दिसतात तेवढ्या हाताने. मी हाताने केलं कारण मला जाणून घ्यायचं होतं की एका झग्यामागे किती संध्याकाळी जातात. माझ्या एकूण ६८ झाल्या. तेव्हापासून दुकानात दोनशे रुपयांना किंवा पाच डॉलरला लटकलेला शर्ट दिसला की ते शिवणारे हात डोळ्यांपुढे येतात.

लॉस एंजलिस (मूळ म्हापशाचा)

मी अर्विंडेलच्या फेअरला फादर थॉमस स्टीफन्स होऊन गेलो. एलिझाबेथच्या राज्यात वाढलेला हा इंग्रज १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. राणीच्या इंग्लंडच्या जत्रेत मराठी माणसाने कोणाचं रूप घ्यावं, तर याचंच, असं मला वाटलं.

स्टीफन्स ज्या ख्रिस्ती धर्मसंघातला, त्या जेझुइटांचा काळा झगा सोपा दिसतो. पुढे बटणं नाहीत, एकावर एक पदर घ्यायचा, कमरेला पट्टा. पण सगळं वजन खांद्यावर येतं, म्हणून खांद्याच्या आत लिननचा दुसरा थर मारला. खिशात एक पत्र ठेवलं होतं, त्याने गोव्यात पोचल्यावर वडिलांना लिहिलं त्याच्या आठवणीखातर. पहारेकऱ्याच्या भूमिकेतल्या एका तरुणाने अडवलं. १५८५ नंतर इंग्लंडमध्ये जेझुइट असणं हा राजद्रोह होता, हे त्याला पक्कं माहीत होतं. मी पत्र दाखवलं आणि वडिलांना भेटायला आलोय म्हटलं. त्याने थांबून विचारलं, किती वर्षांनी? स्टीफन्स परत कधीच आला नाही, गोव्यातच वारला. ते सांगताना माझाच आवाज दाटला. मलाही घर सोडून बावीस वर्षं झाली.

मेरीलँड

लहान मुलं नेणाऱ्यांसाठी एवढंच: लाकडी तलवार असली तरी दारावर ती म्यानाला बांधून देतात, आधी सांगून ठेवा म्हणजे रडारड नको. पायात चामड्याचे जुने, रुळलेले जोडे घाला, नवे नकोत. झग्याचा घेर घोट्याच्या वर चार बोटं ठेवा.

ह्यूस्टन

बरेच दिवस लिहू की नको करत होते.

बाबा गेल्यावर त्यांची सहा धोतरं माझ्याकडे आली. कपाटात होती. गेल्या वर्षी टॉड मिशनच्या फेअरसाठी, तिथली जत्रा १९७४ पासून भरते, आतल्या झग्याला कापड शोधत होते. खरं तर लिनन हवं. पण एका संध्याकाळी धोतरं बाहेर काढली आणि हाताला तो धुऊन धुऊन मऊ झालेला पोत लागला. लिनन राहू दे, म्हटलं.

कात्री लावायला आठवडा गेला. चार धोतरं लागली. काठ कापून टाकवेना, म्हणून खालच्या घेराच्या आतून दुमडून ठेवला. तांबडा, बोटभर रुंद. बाहेरून दिसत नाही. दिवसभर चालताना तो पोटऱ्यांना लागत होता. बाबा कधी अमेरिकेला आले नाहीत, व्हिसा दोनदा नाकारला गेला.

दोन धोतरं उरली आहेत. भावाकडून त्याचं खांद्याचं आणि गळ्याचं माप मागवलंय.