देव गप्प होता तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

धागाकर्ती, पुणे
जय ख्रिस्त. आमच्या चर्चमध्ये साक्षीला जो उभा राहतो तो विजयाचीच साक्ष देतो: आजार बरा झाला, नोकरी लागली, मूल झालं. मीही दिली आहे. पण आई गेल्यापासून दीड वर्ष झालं, गुडघे टेकते, डोळे मिटते आणि समोर कुणीच नसतं. या दिवसांची साक्ष कुणी देत नाही, म्हणून इथे मागते आहे. उपदेश नको, वचनांची यादीही नको. त्या काळात रोज उठून काय केलंत, तेवढं लिहा.

निवृत्त शिक्षिका, नगर जिल्हा
मिस्टर गेले तेव्हा धाकटा सहावीत होता. दोन वर्षं डायलिसिस. चर्चच्या मंडळीने उपास धरले, साखळी प्रार्थना केली. दफनविधीला महिना होत नाही तोच एकांनी घरी येऊन सांगितलं, घरात काही लपलेलं पाप असेल तर कबूल करा. माझी वाचाच बसली. बायबलमधला ईयोब, सगळं गमावून बसलेला नीतिमान माणूस; त्याचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि चुकले.

आमच्याकडे रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना असते. सासूबाईंनी ती एक दिवस मोडली नाही. गेलेला माणूस त्यांचा मुलगा होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. मी भिंतीला टेकून बसायची, ओठ हलायचे नाहीत. त्या म्हणाल्या, "तू नको म्हणूस बाई. तुझ्या वाटचं आम्ही म्हणतो. तू नुसती बसत जा." एका रात्री त्यांनी बायबलमधलं 88वं स्तोत्र काढलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, संपतं ते अंधारावरच. त्यांनी वाचलं, 'आमेन' म्हटलं आणि बायबल मिटलं. अशीही प्रार्थना चालते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सात-आठ महिन्यांनी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना माझ्या तोंडून निघाली, तेही रोजच्या भाकरीपर्यंतच. पुढे ऋण सोडण्याचं, म्हणजे दुसऱ्यांना क्षमा करण्याचं येतं, तिथे त्या आलेल्या माणसाचा चेहरा दिसायचा. तिथून पुढे जायला आणखी वर्ष लागलं.

वसईकर
बाबा 2020 च्या उन्हाळ्यात गेले. त्या वर्षीचा ईस्टर, 12 एप्रिलचा, आम्ही मोबाइलवर पाहिला होता. दफनाला घरातली चार माणसं. मला राग नव्हता. राग असता तर बरं, रागवायला निदान कुणीतरी समोर लागतं. मला काहीच वाटेना. आई संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग ती म्हणायची, उरलेला मी. मी नसतो तर ती मध्येच अडली असती, एवढ्याच कारणासाठी बसायचो.

मग मदर तेरेसांची पत्रं वाचली. 2007 मध्ये ती छापली गेली तेव्हा पुष्कळांना धक्का बसला होता. कोलकात्यातलं काम सुरू झाल्यापासून 1997 मध्ये देह ठेवेपर्यंत, जवळजवळ 50 वर्षं, त्यांना आत देव जाणवत नव्हता. 1958 मध्ये काही आठवडे तेवढा अंधार सरला आणि परत आला. तरी त्या पहाटे मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जात होत्या, रस्त्यावर मरायला टेकलेली माणसं उचलून आणत होत्या. विश्वास वेगळा आणि जाणवणं वेगळं, हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. आता मी शिकवतो त्या मुलांना सांगतो.

मंडळीतला एक वडील (एल्डर), जालना
गुड फ्रायडेला आमच्याकडे बारा ते तीन येशूने क्रुसावरून उच्चारलेली सात वचनं होतात. सात जण एकेक वचन घेऊन त्यावर बोलतात. पाळकसाहेबांनी मला चौथं दिलं: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' माझ्या मुलाला घर सोडून तेव्हा वर्ष झालं होतं, त्याचा फोन बंद. पंधरा दिवस कागद घेऊन बसलो, एक ओळ सुचली नाही. एवढंच लक्षात आलं की शुभवर्तमानात प्रभू इतर वेळी 'बापा' म्हणून प्रार्थना करतो. इथे 'बापा' नाही. मी उभा राहून तेवढंच बोललो: त्या घटकेला त्यालाही बाप म्हणवलं नाही, पण 'माझ्या' हा शब्द सुटला नाही. मीही सध्या तिथेच आहे. तीन मिनिटं झाली असतील. खाली बसलो तर शेजारच्या बाकावर नवराबायको रडत होते. त्यांचं काय होतं ते मी विचारलं नाही. मुलगा अजून आलेला नाही.

नर्स, कुवेत (मूळ मिरज)
सगळं वाचून काढलं. माझं सरलेलं नाही, चौथं वर्ष आहे. इथे भक्ती शुक्रवारी असते. नाइट करून तशीच जाते, मागच्या बाकावर बसते, बऱ्याचदा डोळा लागतो. तरी जाते. खोलीवर मात्र एकटीने बायबल उघडवत नाही.

धागाकर्ती, पुणे
ताई, तुमचे रात्रीचे आठ म्हणजे इथे साडेदहा. ड्यूटी नसेल त्या रात्री मी फोन लावते आणि एक स्तोत्र मोठ्याने वाचते. तुम्ही काही म्हणायचं नाही. 88 पासून सुरू करू का?